नमुन्याची सही

बँकेत खातं उघडताना एका छोट्या चौकोनात सही करावी लागते. तिला आम्ही 'नमुन्याची सही' म्हणतो. मराठीत नमुना ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ज्याच्यावरून बाकीचे पडताळून बघायचे तो एक नमुना. आणि ज्याला बघून शेजारचे एकमेकांना कोपरानं ढोसून 'काय नमुना आहे बघ!' म्हणतात, तो दुसरा. बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढल्यावर माझं असं मत झालं आहे की हे दोन अर्थ वेगळे नाहीतच. ज्याचा नमुना आम्ही जपून ठेवतो, तो गृहस्थ बहुधा दुसऱ्या अर्थानंही नमुनाच असतो.

सह्या तरी किती तऱ्हेच्या! डॉक्टरची सही ही सही नसून मुंगी शाईत पडून घाईनं घरी गेल्याची खूण असते. कंत्राटदाराची सही चेकच्या चौकटीत कधीच मावत नाही. ती शेजारच्या प्लॉटवर थोडी अतिक्रमण करतेच. निवृत्त शिक्षक नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं काना-मात्रेसकट लिहून वर पट्टीनं ओढल्यासारखी शिरोरेघ देतात आणि मागे रांगेत किती माणसं खोळंबली आहेत ह्याची पर्वा करत नाहीत. कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुली अनुस्वाराच्या जागी बदाम काढतात. लग्नानंतर नवं आडनाव येतं, सही बदलायला येतात, तेव्हा बदाम गेलेला असतो. आम्ही काही विचारत नाही. बँकेत गुप्तता पाळावी लागते.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या एका जुन्या साहेबांनी मला सही तपासायची एक युक्ती शिकवली. ते म्हणाले, "न जुळणारी सही एकदा बघायची. तंतोतंत जुळणारी सही दोनदा बघायची." मी बुचकळ्यात पडलो. साहेबांनी समजावून सांगितलं, की जिवंत माणसाचा हात म्हणजे काही छापखाना नव्हे. सकाळची सही संध्याकाळच्या सहीसारखी येत नाही. उभ्यानं केलेली बसून केलेल्या सहीसारखी येत नाही. वळण तेच असतं, पण दर वेळी कुठंतरी केसभर फरक पडतो. ज्या सहीत तेवढासुद्धा फरक नाही, ती कुणीतरी खाली कागद ठेवून गिरवलेली असते. "सही जुळली पाहिजे," साहेब म्हणाले, "पण चिकटता कामा नये."

हे बँकेतलं ज्ञान बँकेबाहेर उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात ते पडलं.

त्याचं असं झालं, की आमची कन्या यंदा फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. तिला कॉलेजातून एक प्रकल्प मिळाला. घरातली एक व्यक्ती निवडायची, तिची 'पर्सनल स्टाइल' काय ते लिहायचं आणि त्या स्टाइलची प्रेरणास्थानं चार रकान्यांत भरायची : वेशभूषा, चित्रपट, संगीत आणि चित्रकला. तिनं आधी आईला विचारलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "मला कामं आहेत. बाबांना विचार. पाच वाजल्यानंतर त्यांना काय उद्योग असतो?" बँका पाच वाजता बंद होतात ही समजूत ज्या घरात बँकवाला राहतो त्याही घरात असावी, ह्याला काय म्हणावं!

तेव्हा मी निवडून आलो, म्हणजे बिनविरोध. जन्मभर लोकांकडून फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला समोर फॉर्म आला की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये' हे वाक्य मी आजवर हजारो लोकांना ऐकवलं आहे. आता मुलगी ते मला ऐकवत होती.

पहिला रकाना वेशभूषेचा. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आमच्या वेळी कॉलेजात स्टाइल असायची ती आर्ट्सवाल्यांकडे. सायन्सवाल्यांकडे निदान पांढरा ॲप्रन होता, तो घालून ते बसस्टॉपवरसुद्धा उभे राहायचे. कॉमर्सच्या मुलाकडे फक्त फाइल. मुलीनं माझं कपाट उघडून शर्टांची मोजदाद केली. शर्ट एकूण नऊ. रंग चार : पांढरा, पांढरट, फिकट निळा आणि एकेकाळी निळा. पॅन्टी दोन काळ्या आणि तीन काळ्या वाटणाऱ्या. तिनं बराच वेळ बघितलं आणि वहीत लिहिलं, 'मिनिमलिस्ट'. मी शब्दाचा अर्थ विचारला. कमीत कमीमध्ये भागवणारा, असं ती म्हणाली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "ह्याला आमच्या माहेरी चिकटपणा म्हणतात."

दुसरा रकाना चित्रपटाचा. इथं मात्र मी सावरून बसलो. कारण कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सिनेमाबद्दल बोलायला पूर्वतयारी लागत नाही.

आमच्या लहानपणी स्टाइल ही वस्तू दोन माणसांकडून मिळायची : न्हावी आणि शिंपी. सिनेमा मुंबईत निघायचा, पण आमच्या गल्लीत तो ह्या दोघांच्या मार्फत पोचायचा. न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर नटांचे फोटो ओळीनं लावलेले असत. १९९० साली 'आशिकी' आला आणि माझ्या आत्तेभावानं राहुल रॉयसारखे केस वाढवले. ते मधोमध भांग पाडून दोन्ही डोळ्यांवर यायचे. राहुल रॉयच्या डोळ्यांवर केस आले की त्यात दुःख दिसायचं. आमच्या आत्तेभावाच्या डोळ्यांवर आले की तो सायकलसकट गटारात दिसायचा. १९८९च्या 'मैंने प्यार किया'नंतर गल्लीत जाकिटं आली, तीही मे महिन्यात. पुढे २००३ साली 'तेरे नाम' लागला. त्या वर्षी मी बँकेत नवा होतो आणि आमचा शिपाई मधोमध भांग पाडून, कपाळाच्या दोन्ही बाजूंना दोन पडदे सोडून कामावर यायला लागला. मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "घरी कोण आजारी आहे का?"

शिंप्याची गोष्ट आणखी वेगळी. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. तुम्ही कुठल्याही नटाचा फोटो घेऊन जा. मास्तर तो नाकाच्या टोकावरच्या चष्म्यातून बघणार, 'होऊन जाईल' म्हणणार, फोटो टेबलाच्या काचेखाली सरकवणार आणि तीस वर्षं जी पॅन्ट शिवत आले तीच पॅन्ट पुन्हा एकदा शिवून देणार. काचेखाली अमिताभ होता, मिथुन होता, गोविंदा होता. बाहेर मात्र पॅन्ट एकच होती. तक्रार केली तर मास्तर म्हणायचे, "फोटोतला माणूस आण, त्याची पण तशीच शिवतो."

मुलगी हसली आणि म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमची पिढी सगळी नक्कलच करत होती. ओरिजिनल काहीच नाही."

इथं माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. मी म्हटलं, बाळ, नक्कल कोण करत नाही? आपण खातेवही उघडून बघू. साठ-सत्तरच्या दशकांत मुली कपाळावर झिपऱ्या सोडत, त्याला 'साधना कट' म्हणत. तुझ्या आज्जीच्या लग्नाआधीच्या फोटोत तो आहे. तिनं तो घेतला साधनाकडून. साधनानं तो आणला १९६०च्या 'लव्ह इन सिमला'त. तिचं कपाळ मोठं दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर ह्यांनी ऑड्री हेपबर्नसारख्या बटा सोडायला सुचवलं. म्हणजे आज्जीच्या कपाळावरची रक्कम मूळ हॉलिवूडच्या शाखेतून निघालेली. देव आनंदला लोक ग्रेगरी पेकची आठवण काढून बघायचे. पेक आणि हेपबर्न दोघं १९५३च्या 'रोमन हॉलिडे'त एकत्र होते. एकाच शाखेवर आपली किती कर्जं होती बघ! राज कपूरनं १९५१च्या 'आवारा'त आणि १९५५च्या 'श्री ४२०'मध्ये आखूड पॅन्ट घातली ती चार्ली चॅप्लिनकडची. आणि त्याच्याही आधी जा. महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका साडी कशी नेसावी, गजरा कुठं माळावा, हे बघायला ज्यांच्या नाटकाला जायच्या ते बालगंधर्व पुरुष होते! पुरुषानं बायकांकडून घेतलं, त्यात आपली भर घातली आणि व्याजासकट बायकांना परत केलं. एवढा चोख व्यवहार मी बँकेतसुद्धा बघितलेला नाही.

मुलीनं हे सगळं मोबाइलवर पडताळून बघितलं. हल्ली बापाचं म्हणणं मोबाइलनं मंजूर केल्याशिवाय जमा होत नाही. साधनाचं खरं निघालं तेव्हा तिनं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. ती संधी साधून मी 'दीवार' काढला.

१९७५ साली 'दीवार' आला. त्यात अमिताभनं गोदीत काम करताना निळ्या शर्टाला कमरेशी गाठ मारली आहे आणि खांद्यावर दोरखंड टाकला आहे. त्या गाठीपायी देशातल्या किती मुलांनी चांगले शर्ट चुरगाळून घेतले असतील त्याला गणती नाही. पुढे खुद्द अमिताभनंच सांगितलं, की शिंप्यानं शर्ट फार लांब शिवला होता. शूटिंगची वेळ झाली, दुसरा शर्ट नव्हता, म्हणून तो गाठ मारून आखूड केला. म्हणजे एका शिंप्याचं माप चुकलं आणि एका पिढीची फॅशन ठरली. हे मी ऐकलं तेव्हा आमचे मास्तर हयात नव्हते. नाहीतर त्यांना जाऊन सांगितलं असतं, की मास्तर, तुम्ही फक्त मुंबईला जायला हवं होतं.

"मुद्दा लक्षात घे," मी म्हटलं. "उसनं सगळेच घेतात. पण हेपबर्नच्या बटा साधनाच्या कपाळावर बसल्या त्या साधनाच्या कपाळाच्या मापानं. शर्ट लांब झाला तर गाठ मारावी लागली. उसनं आणलेलं अंगावर नीट बसत नाही, मग ते बसवण्यासाठी माणूस जी काही खटपट करतो, तेवढी त्याची स्वतःची." हे वाक्य मलाच इतकं आवडलं, की मी ते तिला वहीत लिहून घ्यायला लावलं. तिनं 'बाबा म्हणाले' असं न लिहिता नुसतंच लिहिलं.

त्यावरून मला हिशेबाचा पहिला नियम आठवला. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. नावे टाकायला कुणी विसरत नाही. विसर पडतो तो जमेचा. २०२५च्या जूनमध्ये इटलीत, मिलानला, प्राडा कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल पायांत कोल्हापुरी घालून चालले. म्हणजे दिसायला कोल्हापुरीच. पण कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. नुसत्या 'चामड्याच्या चपला'! आमच्या चप्पल लाइनीत त्या आठवड्यात चपला कमी आणि मतं जास्त खपली. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. आरडाओरडा झाल्यावर कंपनीनं महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांच्या चेंबरला पत्र लिहून मान्य केलं, की ही प्रेरणा भारतातल्या हातानं बनवलेल्या पारंपरिक चपलांची. थोडक्यात, जमेची नोंद राहिली होती, ती नंतर घातली. बँकेत ह्याला चूकदुरुस्ती म्हणतात आणि त्यावर साहेबाची सही लागते.

पण ज्या बाईंची जमा कुणी फारशी वाचत नाही, त्यांचं नाव मी मुलीला मुद्दाम सांगितलं. फॅशन शिकायला निघालेल्या कोल्हापूरच्या मुलीला ते माहीत असायला हवं. भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूरचा, १९२९चा. वडील चित्रकार. मुलगी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर तिची चित्रं प्रदर्शनात लागली. मग ती सिनेमाच्या कपड्यांकडे वळली आणि भानू अथैया झाली. १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून सुरुवात. १९६६च्या 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याला जाऊन भिंतींवरची चित्रं अभ्यासून आल्या. लेण्यांतल्या बाईच्या अंगावरचं वस्त्र त्यांनी वैजयंतीमालेला चढवलं. १९६८च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजची ती अंगाला घट्ट बसणारी केशरी साडी त्यांचीच. आणि 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं. गंमत अशी, की ज्या बाईनं मुमताजला झगमगीत साडी शिवली, तिला जगानं मानाचं पदक दिलं ते खादीच्या पंचासाठी. २०१२मध्ये त्यांनी ते ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडे परत सोपवलं. बँकेच्या लॉकरवर भरवसा ठेवला नाही, ह्याचं मला व्यावसायिक दुःख आहे. पण ते असो. २०२० साली त्या गेल्या.

"ह्या आपल्या कोल्हापूरच्या?" मुलगी म्हणाली. मग ती बराच वेळ मोबाइलमध्ये 'आम्रपाली'चे फोटो बघत बसली. मला पुढचा रकाना आठवण करून द्यावा लागला.

तिसरा रकाना संगीताचा. मी गात नाही. न्हाणीघरातसुद्धा गात नाही, कारण आमच्या न्हाणीघराची एक खिडकी घरमालकाच्या व्हरांड्यात उघडते. पण माझं एक दैवत आहे आणि ते मी केवळ गाण्यासाठी मानत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे. आज लोकांना ते १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब म्हणून ठाऊक असतात. पण हा माणूस कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होता. म्हणजे दिवसभर आकड्यांच्या बेरजा आणि उरलेल्या वेळात मारवा! नागपूरला सप्रे गुरुजींकडून घेतलं, लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून घेतलं, किराण्याच्या सुरेशबाबूंकडून घेतलं, भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांकडून घेतलं आणि मनात कायम दीनानाथ मंगेशकर. इतक्या ठिकाणचं कर्ज एका माणसाच्या नावावर असेल तर आमची बँक त्याला दारात उभं करणार नाही. आणि गाण्यातल्या काही जाणत्यांनीही तेच केलं. ह्यांचं घराणं कोणतं, असं विचारत राहिले. वसंतराव सांगत, माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं. जो माणूस दिवसभर सरकारी वह्या ताळ्यात आणत होता, त्यानं आपल्या गळ्याचा ताळा कुणालाही काढू दिला नाही. ताळेबंद मांडताना रात्री आठला आकडा जुळत नसला, बाहेर पाऊस कोसळत असला, की मी ह्या माणसाची आठवण काढतो. आकडा त्यानं जुळत नाही. पण शोधायला बरं वाटतं.

आता राहिला शेवटचा रकाना, चित्रकलेचा. मी मुलीला म्हटलं, "ह्यात माझ्या नावावर काही नाही. आतल्या खोलीत जा. अण्णांना विचार."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं क्लार्कची नोकरी केली. शाळेतून जाणारं प्रत्येक पत्र अण्णा लिहीत आणि सही मुख्याध्यापक करत. अण्णांच्या वाट्याला कोपऱ्यात एक आद्याक्षर, तेही पेन्सिलीनं. पण त्यांची पूर्ण सही बघण्यासारखी होती. तरुणपणी अण्णांना दिवाळी अंकांचं वेड होतं. खरं म्हणजे अंकांचं कमी आणि दीनानाथ दलालांच्या चित्रांचं जास्त. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला आणि १९७१ साली ते गेले. अण्णांनी रद्दीवाल्याकडून त्यांची मुखपृष्ठं जमवून पुठ्ठ्यावर डकवून ठेवली होती. चित्र काढणं काही त्यांना जमलं नाही. पण चित्राच्या कोपऱ्यातली सही बघून बघून त्यांनी स्वतःची सही बसवली. आडनावाचं शेवटचं अक्षर खाली उतरायचं, लांब वळसा घेत सगळ्या नावाखालून जायचं आणि सुरुवातीला येऊन दोन टिंबांवर थांबायचं. ह्या सहीला वर्षातून चारदा हक्काची जागा मिळे, ती माझ्या प्रगतिपुस्तकावर. वर्गातली पोरं बापाच्या सह्या बिनदिक्कत ठोकायची. अण्णांची सही कुणाच्या बापाला जमली नाही. आमच्या वर्गशिक्षकांनी एकदा पुस्तक उघडून विचारलं होतं, "सही एवढी सुंदर, मग मार्क असे कसे?"

शाळेत प्रवेशाचे फॉर्म यायचे. पालकाच्या सहीच्या जागी कुणी अंगठा पुढे केला, की अण्णा शाईचा पॅड सरकवून ठेवायचे. त्या माणसाला बाकावर बसवायचे, पाटी द्यायचे आणि त्याच्या नावाची अक्षरं काढून दाखवायचे. अर्धा तास गेला तरी चालेल. "पोरगं शाळेत आलंय," ते म्हणायचे, "बापानं निदान दारापर्यंत यायला नको?"

२०१९च्या पावसाळ्यात अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेलो. त्यांचं खातं माझ्या शाखेत नाही. तिथल्या साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "आजोबा, सहीचा त्रास नका घेऊ. अंगठा चालतो." नियमानं चालतो. मीसुद्धा हे वाक्य कित्येक म्हाताऱ्यांना तितक्याच अदबीनं सांगितलेलं आहे. अण्णांनी अंगठा लावला. रिक्षात बसल्यावर ते अंगठा धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. घरी साबणानं तीनदा धुतला. शाई दोन दिवस गेली नाही आणि ते दोन दिवस अण्णा कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे एका बाजूनं कोऱ्या स्लिपा पडलेल्या असतात ना? घेऊन ये." मी गठ्ठा आणला. अण्णा डाव्या हातानं सही गिरवायला बसले. रोज सकाळी चहानंतर शंभर. सुरुवातीला नुसत्या रेघा. अक्षर कळायला महिना गेला. नातीनं मध्येच विचारलं, "आजोबा, अंगठा चालतो ना?" तर म्हणाले, "चालतो. पण तो कुणाचाही चालतो."

मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या शाखेत गेलो, नमुन्याची सही बदलायला. साहेबांनी कागदपत्रं पाहिली, फॉर्म दिला. अण्णांनी डाव्या हातानं सही केली. चार मिनिटं लागली. मागची रांग गप्प उभी होती. जुन्या सहीचा वळसा उजवीकडून डावीकडे यायचा. हा डावीकडून निघून उजवीकडे गेला आणि सगळ्या वाटेत थरथरत राहिला. टिंबं मात्र दोन्ही पडली. साहेबांनी एकदा पडद्यावरची जुनी सही बघितली, एकदा कागदावरची नवी. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जुळत तर काहीच नाही हो. पण माणूस तोच आहे." आणि त्यांनी शेरा मारला.

बाहेर पायरीवर मी म्हटलं, "छान आली, अण्णा." अण्णा म्हणाले, "दलाल डावखुरे असते, तर त्यांनी अशीच केली असती."

पुढे पंधरा दिवसांत सगळा देशच दारं लावून घरी बसला. अण्णा रोज पेपर वाचून म्हणायचे, "बरं झालं, आपलं काम तेवढं वेळेत उरकलं."

तर मुलगी अण्णांच्या खोलीत गेली ती दीड तासानं बाहेर आली. हातात पुठ्ठ्यावरची मुखपृष्ठं, स्लिपांचा पिवळा पडलेला गठ्ठा आणि माझं सातवीचं प्रगतिपुस्तक. तिनं मला काही न विचारता प्रकल्पाच्या पहिल्या पानावरचं माझं नाव खोडलं आणि तिथं आजोबांचं नाव घातलं. माझे नऊ शर्ट आणि चार रंग एका रेघेत खर्ची पडले. सौभाग्यवतींना ह्या निर्णयानं विशेष आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"बाबा, राग नाही ना आला?" मुलगी म्हणाली. "शेवटच्या पानावर तुम्हीच आहात. पालकांची सही."

मी सही केली. तिनं ती निरखून पाहिली, मोबाइलमधला प्रवेशाचा फॉर्म उघडला आणि दोन्ही सह्या शेजारी धरल्या. फॅशनच्या कॉलेजात बारीक बघायला शिकवतात असं दिसतं.

"बाबा, ही मागच्यासारखी नाही आली."

"नाही ना? मग खरी आहे," मी म्हणालो.